पुतळामावशीचा आवाज

पुतळामावशी आमच्या बेलापूरच्या सोसायटीत मासळी घेऊन येते. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा ती आधीपासून येतच होती. तिचं दिवाळे गाव आमच्या बिल्डिंगपासून चालत जाण्याइतकं जवळ. सकाळी खाडीतून मुलाची होडी आली की पाटी भरायची, डोक्यावर घ्यायची आणि सेक्टरमध्ये शिरायचं, उरली तर संध्याकाळी बाजारात बसायचं, हा तिचा क्रम. गेटपाशी उभी राहून ती कोलंबी-खेकड्यांची हाक मारायची, "कोलबी हाय, चिंबोरी हाय," आणि ती हाक वरच्या मजल्यांवर, स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या आवाजातही ऐकू यायची. एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी तक्रार केली, की मुलांचे ऑनलाइन क्लास चालू असतात, मावशीला ओरडू नको म्हणून सांगा. वॉचमनने सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती गेटवर गप्प उभी राहिली आणि निम्म्या बिल्डिंगला मासळी मिळाली नाही. पुढच्या मीटिंगमध्ये तो विषय कुणी काढला नाही.

गावात तिला वेगळाच मान होता. ती धवलारीन, म्हणजे लग्नात धवले गाणारी बाई. दिवाळ्यात हळद असली की ती येऊन बसल्याशिवाय सुरुवात होत नसे. नवरा लवकर गेला, मुलगा रूपेश लहान होता, तरी ज्याच्या त्याच्या मांडवात ती गायला जायची. विधवेने हळदीला गावं का, असं एकदोघींनी विचारून पाहिलं. बाकीच्या बायकांनी त्यांना गप्प केलं, कारण मावशीसारखी गाणारी दुसरी कुणी नव्हती. हे तिनेच मला सांगितलं होतं, कोलंबी सोलता सोलता, त्यात विशेष काही नसल्यासारखं.

तर या पुतळामावशीला एका सिनेमात काम मिळालं.

सिनेमा मराठी, विनोदी. नाव 'खिळ्यावरची राणी'. एका जुन्या संस्थानच्या राणीचं तैलचित्र प्रदर्शनातून चोरीला जातं, चोरणारे तिघे बावळट, मग खरं चित्र कुठलं आणि नकली कुठलं याचा गोंधळ, आणि शेवटी द्रोणागिरीच्या एका गोदामात सगळ्यांची पळापळ, अशी ती गोष्ट. अभिराम नावाचा तरुण दिग्दर्शक, त्याचा हा पहिलाच सिनेमा. त्याला खाडीकिनारी एक प्रसंग हवा होता. चोर पोलिसांना घाबरून गुंडाळलेलं चित्र एका मासळीवालीच्या पाटीत दडवतात आणि ती त्यांना पकडते, एवढाच. मासळीवालीच्या कामाला तो एक नटी आणणार होता. दिवाळ्याच्या जेट्टीवर जागा बघायला आला तेव्हा मावशी कुणाशी तरी भांडत होती. तो उभा राहून ऐकत राहिला आणि भांडण संपल्यावर त्याने तिला विचारलं.

शूटिंगच्या दिवशी मी रजा काढून गेले होते. कागदावर लिहिलेले संवाद रूपेशने आईला वाचून दाखवले. ती अभिरामला म्हणाली, असं आमच्यात कुणी बोलत नाही. अभिराम म्हणाला, मग तुम्ही जसं बोलाल तसं बोला. कॅमेरा सुरू झाला. चोराचं काम करणाऱ्या नटाने पाटीत हात घातला, मावशीने त्याचं मनगट धरलं. तो कुजबुजला, "मावशी, हळू, आत राणी आहे."

मावशी म्हणाली, "राणी असल तुज्या घरची. माज्या पाटीत निजायचा तं शेजारी चिंबोरी हाय, आन् चिंबोरी कुनाचा मान राखत नाय."

हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. लाइटवाले हसले, मेकअपवाली हसली, तो नटही हसला आणि म्हणून सगळं पुन्हा करावं लागलं. दुसऱ्या वेळीही ती तसंच बोलली आणि या वेळी सगळ्यांनी तोंडावर हात धरून हसू दाबलं. अभिरामची आई जयमालाबाई मुलाचं काम बघायला करंजाड्याहून डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी मावशीचा हात हातात घेतला आणि घरी या म्हणून पत्ता सांगितला.

पुढे सिनेमा येईपर्यंत दिवाळ्यात दुसरा विषय नव्हता. जेट्टीच्या तोंडाशी फलक लागला. त्यात नायकापेक्षा मावशीचा फोटो मोठा होता. गिऱ्हाइकं तिला पिक्चरमधलं बोलून दाखव म्हणायची, तर ती म्हणायची, तिकीट काढून ऐका.

पहिल्याच रविवारी सीवूड्सच्या मल्टिप्लेक्सला आम्ही सगळे गेलो. गावच्या बायका वेण्या माळून, ठेवणीतले दागिने घालून आल्या होत्या. मावशीने नवी साडी नेसली होती आणि मला तिने हट्टाने शेजारी बसवून घेतलं. थिएटरमध्ये आम्ही सोडून मोजकीच माणसं होती.

सिनेमा चांगला नव्हता. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण तो खरंच चांगला नव्हता. चोर जिन्यावरून पडायचे, मग टेम्पोतून पडायचे, मग पाण्यात पडायचे. पार्श्वसंगीत आम्हाला हसा म्हणून ढोसत होतं आणि कुणाला हसू येत नव्हतं. चित्रातल्या राणीचं पुढे काय होणार याची पर्वा पडद्यावरच्या माणसांनाही नव्हती, मग आम्हाला कुठून असणार. पुढच्या रांगेतली कॉलेजची मुलं फोन बघत बसली आणि मध्यंतरानंतर परत आलीच नाहीत. तरी दिवाळ्याच्या बायका नेटाने बसल्या होत्या, कारण मावशी अजून यायची होती.

मग जेट्टी दिसली. बायकांनी शिट्ट्या मारल्या. पडद्यावर मावशी आली, तिने चोराचं मनगट धरलं, तोंड उघडलं आणि भलताच आवाज आला. पातळ, कोवळा, नाटकी. त्या आवाजाने "अगो बाय गो" म्हटलं, हेल काढून काढून काहीतरी म्हटलं, आणि चिंबोरीचं वाक्य मोडून त्याचं भलतंच काहीतरी करून ठेवलं होतं. चेहरा मावशीचा, आणि त्यातून बोलत होती कुणीतरी मुलगी, जिने आयुष्यात कधी खाडीचा चिखल तुडवला नसेल.

शिट्ट्या थांबल्या. मागून कुणीतरी हळूच विचारलं, "ह्या कोन बोलतंय?"

मी मावशीकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत नव्हती. मांडीवरच्या पदराची कड बोटांनी सरळ करत होती. प्रसंग संपला, सिनेमा पुढे गेला आणि ती शेवटपर्यंत तशीच बसून राहिली. बाहेर आल्यावर बायका तिला म्हणाल्या, काम झ्याक केलंस, दिसलीस छान. तिने मान हलवली. रूपेश रागाने लाल झाला होता. तो कुणाला तरी फोन लावत होता आणि पलीकडून कुणी उचलत नव्हतं.

सिनेमा आठवडाभरात उतरला. लोकांनी मोबाइलवर त्याची टिंगल केली, त्यातला पाण्यात पडण्याचा तुकडा फिरवून फिरवून दाखवला. जेट्टीवरचा फलक वाऱ्याने फाटला, तो कुणीतरी काढून होडीवर टाकायला नेला.

त्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी आमची बेल वाजली. दारात मावशी पाटी घेऊन उभी. मी म्हटलं, आज वर कशी आलीस, हाक नाही मारलीस. ती म्हणाली, घसा धरलाय. दुसऱ्या दिवशीही बेल वाजली, तिसऱ्याही. ती प्रत्येक मजल्यावर चढून दारं वाजवत होती. गेटवरून हाक मारणं तिने सोडून दिलं होतं. मग रूपेशकडून कळलं, की आळीत एक हळद होती, तिलाही ती गेली नाही. बोलवायला आलेल्या बाईला तिने घशाचंच कारण सांगितलं. रूपेश मला म्हणाला, "ताई, डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर बोलला घशाला काय नाय. आता मी काय करू, तुमी सांगा."

मी तिच्याकडे हा विषय काढला.  ती म्हणाली, शाळेत असताना ती 'पानी' म्हणायची तेव्हा बाई सगळ्या वर्गाला हसायला लावायच्या, म्हणून तिने शाळा सोडली. मोठी झाल्यावर तिला वाटलं, ते सगळं मागे पडलं. इतक्या वर्षांनी एका शिकलेल्या मुलाने जेट्टीवर तिला म्हटलं, तुम्ही बोलाल तसं बोला, आणि ती बोलली. आता तिला वाटतं, त्यांनी तिच्यासमोर चांगलं म्हटलं आणि घरी जाऊन कान झाकले.

"त्याला मना इचारायचा हाय," ती म्हणाली. "तू येतंस काय?"

अभिराम फोन उचलत नव्हता, पण करंजाड्याचा पत्ता मावशीच्या लक्षात होता. आम्ही रिक्षाने गेलो. एरवी ती कुणाच्या घरी जाताना मासळी घेतल्याशिवाय जायची नाही. त्या दिवशी रिकाम्या हाताने निघाली आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाली, भांडायला जाताना कोण मावरा नेतं.

करंजाड्याला अजून निम्म्या इमारती बांधून व्हायच्या आहेत. जयमालाबाईंची इमारत नवी होती, समोरच्या प्लॉटवर खोदकाम चाललं होतं. त्यांनी दार उघडलं, मावशीला बघून आधी हसल्या, मग त्यांचं तोंड उतरलं. अभिराम घरी नाही, म्हणाल्या. तेवढ्यात आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं. जयमालाबाई खाली बघायला लागल्या. मग त्यांनी सगळंच सांगून टाकलं. सिनेमा पडल्यापासून तो खोलीबाहेर येत नाही. जेवण दारात ठेवावं लागतं. वडील, सुधीरराव, आधी रागावले, आता रोज संध्याकाळी त्याच्या दाराबाहेर खुर्ची टाकून पेपर वाचत बसतात, म्हणजे तो एकटा नाही हे त्याला कळावं. त्यांना वाटतं, पोराने काही करून घेऊ नये.

मावशीने हे ऐकून घेतलं. मग उठून ती त्या दाराशी गेली आणि म्हणाली, "अभिराम, मी पुतळा. दिवाल्याची. मना तुला एक इचारायचा हाय, मंग मी जातंय."

बऱ्याच वेळाने दार उघडलं. तो वाळला होता, दाढी वाढली होती. तो तिच्यासमोर भिंतीला टेकून खाली बसला. मावशीही खाली बसली.

"माजा आवाज कुठं ठेवला तू?" तिने विचारलं.

त्याने काही लपवलं नाही. जेट्टीवर जनरेटर होता, होड्यांची इंजिनं होती, त्यामुळे आवाज खराब आला होता. आवाज नव्याने भरायचं ठरलं तेव्हा निर्माते म्हणाले, मावशीला जमायला वेळ लागेल, डबिंगच्या नेहमीच्या मुलीला बोलवा. "मला वाईट वाटलं होतं," तो म्हणाला. "पण मी हो म्हणालो. तुम्हाला विचारलं नाही. आणि नंतर फोन घ्यायची लाज वाटली." मग तो म्हणाला, "आता तसंही काय फरक पडतो, मावशी. सिनेमाच बुडाला."

"बुडला तो तुजा पिक्चर," मावशी म्हणाली. "माजा त्यान एवढुसाच होता. पन तेवढा तं माजा होता."

अभिरामने डोळे पुसले. मग त्याने तिला विचारलं, की सिनेमात तिला काहीतरी आवडलं का.  मला वाटलं, आता हिने निदान एक बरा शब्द बोलावा.

मावशीने विचार केला. "नाय," ती म्हणाली. "तुजे चोर सारखे पडतंय. मानूस एकदा पडला का हसू येतं. तिसऱ्या टायमाला पडला का वाटतं, ह्याला कोनीतरी दवाखान्यात न्या."

जयमालाबाई फस्सकन हसल्या. त्यांनी लगेच तोंडावर पदर धरला, पण हसू थांबेना. अभिराम आधी आईकडे चमकून बघत राहिला आणि मग तोही हसायला लागला. हसता हसता रडला, रडता रडता परत हसला. मावशी गंभीरपणे बसून राहिली, कारण ती विनोद करत नव्हती.

चहा झाला. अभिराम बऱ्याच दिवसांनी बाहेरच्या खोलीत बसून चहा प्यायला, असं जयमालाबाईंनी आम्ही निघताना जिन्यात माझ्या कानात सांगितलं.

चहा पिताना त्यानेच विषय काढला होता. एका टीव्ही चॅनलने सिनेमा घेतला होता आणि टीव्हीसाठी त्याची लांबी कमी करून आवाज पुन्हा नीट करून द्यायचा होता. निर्मात्यांना आता सिनेमाचं नावही नको होतं, त्यामुळे आडवं येणारं कुणी नव्हतं. नेरूळच्या एका स्टुडिओत मिस्बाह नावाची मुलगी हे काम करत होती. तुम्ही याल का, असं त्याने मावशीला विचारलं. मावशी म्हणाली, बघते. दोन दिवस तिने उत्तर दिलं नाही. मग रूपेशला म्हणाली, गाडी काढ.

मला वाटलं होतं, ती जाईल, बोलेल आणि झालं. तसं झालं नाही. स्टुडिओची खोली चारी बाजूंनी स्पंजने मढवलेली, आत बोललेला शब्द तिथेच विरून जायचा. मावशीच्या कानांवर हेडफोन चढवले, समोर पडदा लावला, आणि तिचा आवाजच फुटेना. फुटला तो इतका बारीक, की तिला स्वतःलाच ओळखू आला नसता. पडद्यावर ओठ हलले की ती दचकायची. पुन्हा, पुन्हा, पुन्हा झालं. शेवटी तिने हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाली, ते निर्माते बरोबर म्हणत होते, मला नाही जमायचं.

मिस्बाह उरणकडची. आजोबांचा सुक्या मासळीचा व्यापार होता, त्यामुळे मावशीची बोली तिला परकी नव्हती. ती काचेपलीकडून उठून आत आली. मावशीला तिने पाणी दिलं आणि म्हणाली, हेडफोन राहू द्या, पडदाही राहू द्या, ओठांचं नंतर मी बघते. मग तिने अभिरामला आत बोलावलं, कोपऱ्यातली कचऱ्याची बादली मावशीपुढे ठेवली आणि त्याला म्हणाली, तुम्ही चोर, घाला हात.

अभिराम वाकला. त्याने बादलीत हात घातला, दबक्या आवाजात म्हणाला, "मावशी, हळू, आत राणी आहे."

मावशीने त्याचं मनगट धरलं. धरलं ते असं, की तो कळवळला. आणि मग ती बोलली. सगळं बोलली, राणीचं, चिंबोरीचं, आणि त्यानंतर सिनेमात कुठेही नसलेलं बरंच काही, विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या पाटीत हात घालणाऱ्यांविषयी. काचेपलीकडे मी आणि रूपेश उभे होतो. रूपेशने तोंड फिरवून घेतलं. मिस्बाहने पुन्हा करा म्हटलं नाही. तिने यंत्राकडे बघून मान हलवली आणि म्हणाली, मिळालं.

रविवारी दुपारी सिनेमा टीव्हीवर लागला. आम्ही दिवाळ्याला मावशीच्या घरी बघितला. सिनेमा पूर्वीइतकाच कंटाळवाणा होता, फक्त थोडा लवकर संपायचा होता. चोर पडत होते, बायका गप्पा मारत होत्या, कुणीतरी सुकट निवडत होतं. जेट्टी आली तेव्हा रूपेशने आवाज वाढवला. मावशीच्या तोंडून मावशीचा आवाज आला. एकदोन ठिकाणी ओठ पुढे आणि शब्द मागे राहिले होते, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. शेजारच्या घरातून आरोळी आली, मग पलीकडच्या घरातून. म्हणजे आळीभर टीव्ही चालू होते. मावशी मात्र चुलीपाशी होती. तिने वळून पडद्याकडे बघितलं, आणि पडद्यावरची मावशी बोलून होईपर्यंत बघत राहिली. नंतर परत कालवणाकडे वळली. उरलेला सिनेमा फार कुणी बघितला नाही.

त्याच महिन्यात रूपेशच्या मित्राची हळद होती. मावशी गेली आणि उत्तररात्रीपर्यंत गायली, असं मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या दिवशी तिचा घसा खरोखरच बसला होता, आणि तो सुटल्यावर गेटवरची हाक पुन्हा ऐकू यायला लागली.

अभिराम आता खारघरच्या एका कॉलेजात मुलांना सिनेमा शिकवतो. नवीन काही लिहितोय का, असं विचारलं की विषय बदलतो, पण जयमालाबाई म्हणतात, त्याच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत चालू असतो. सुधीरराव आता संध्याकाळी फिरायला जातात. महिन्यातून एकदा बापलेक दिवाळ्याला मासळी घ्यायला येतात. अभिरामला जिताडा आणि बोय यांतला फरक कळत नाही, त्यावरून मावशी त्याला चार लोकांत बोलते आणि तो ऐकून घेतो.

मध्यंतरी मावशीला एका मालिकेसाठी बोलावणं आलं होतं. नायिकेच्या मागे बाजारात मासळी विकत बसायचं, एवढंच काम. मी विचारलं, जाणार का.

"मी त्यांना इचारला, बोलायचा हाय का नुसता बसायचा," ती म्हणाली. "ते बोलले, नुसता बसायचा. मंग मी सांगला, बसायला मना बाजार हाय."

एवढं बोलून तिने माझ्या ताटलीत चार चिंबोऱ्या टाकल्या, पाटी डोक्यावर घेतली आणि खालच्या मजल्याकडे निघाली. तिथल्या आजींना ऐकू कमी येतं, गेटवरची हाक त्यांच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून त्यांच्या दाराशी तिला नेहमीच जरा जास्त थांबावं लागतं.